तारीख तेवढी सांगा

मूल आजारी पडतं, याबद्दल माझी कुणावरही तक्रार नाही. मुलं एका बाकावर बसतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात, एकाच बाटलीला तोंड लावतात आणि एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं. हे आमच्या लहानपणी होतं, आमच्या नातवंडांच्या वेळीही असेल. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या घरात साथीचं दुखणं येतं, ते घर बाकीच्यांना कळवत नाही. कळवलंच तर सगळं निस्तरल्यावर कळवतं. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे दुसऱ्या घराचं काय होतं, हे एकदा नीट सांगायला हवं. ही गोष्ट इतकी किरकोळ समजली जाते की तिच्याबद्दल बोलणाराच किरकिरा ठरतो.

आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलगी दुसरीत आहे. सासर कुडाळजवळ. उन्हाळ्यात गावी जायचं म्हणजे काय असतं, हे चाकरमान्यांच्या घरांना वेगळं सांगायला नको. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. सकाळी आठला आरक्षण उघडतं आणि मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्यांचं वेटिंग चहा निवायच्या आत सुरू होतं. माझ्या नवऱ्याने त्या सकाळी ऑफिसला उशिरा जाण्याची परवानगी काढली, शेजारच्या मुलाचा फोन हाताशी घेतला आणि जातानाची तीन व येतानाची तीन तिकिटं मिळवली. ती कन्फर्म झाली त्या दिवशी घरात गोडाचा शिरा झाला.

एप्रिलमध्ये परीक्षा संपत आली होती आणि वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. दारं बंद, एसी चालू, संगीत खुर्ची, केक, मुलांचा नुसता कल्ला. त्यात एक मुलगा होता, त्याच्या मानेवर आणि कानामागे लाल पुरळ होतं. त्याची आई पर्समधून पावडरचा डबा काढून मधून मधून त्याच्या मानेला लावत होती. ‘उन्हाने घामोळं उठलंय बघा,’ ती म्हणाली. तिला तेव्हा खरोखरच तसं वाटत होतं. एप्रिलमधल्या डोंबिवलीत कुणालाही तसंच वाटेल. माझी तक्रार त्या संध्याकाळबद्दल नाही.

माझी तक्रार दुसऱ्या दिवसाबद्दल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि डॉक्टरांनी कांजिण्या आहेत म्हणून सांगितलं. हॉलमधली सगळी मुलं ठाऊक होती. त्यांच्या आयांचे नंबर एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. त्या ग्रुपवर त्या दिवशी गृहपाठाच्या वहीचं पान कुठलं, हे कुणीतरी विचारलं आणि तिने उत्तरही दिलं. कांजिण्यांबद्दल एक अक्षर नाही.

आम्हाला कळलं ते आठवडा उलटून गेल्यावर. ग्रुपवर त्या मुलाचा फोटो आला. अंगठा वर केलेला, कपाळावर सुकलेल्या खपल्यांचे काळे ठिपके, खाली मजकूर: ‘कांजिण्यांमधून आमचा हिरो पूर्ण बरा!’ म्हणजे आजाराची पहिली बातमी आली ती बरं झाल्याची बातमी म्हणून. त्यावर हात जोडलेली चित्रं, फुलं, ‘टेक केअर’, ‘गॉड ब्लेस’. मला त्या मुलाचं बरं झालेलं पाहून आनंदच झाला. पण मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पहिलं पुरळ कधी उठलं याची तारीख. मी ती विचारली. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकीने लिहिलं, ‘अहो ताई, पॉझिटिव्ह राहा ना.’

तारीख का हवी होती, हे सांगते. कारण या दुखण्याचा सगळा हिशोब तारखेवर चालतो. कांजिण्यांचा विषाणू हवेतून पसरतो, फोडांतल्या पाण्यातूनही पसरतो. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल दुसऱ्याला तो देऊ शकतं आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत देत राहतं. ज्याला लागण होते, त्याच्या अंगावर काही दिसायला १० ते २१ दिवस जातात. तोवर ते मूल चांगलं धडधाकट असतं, खातं-पितं, धावतं. आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत, अंगावर काहीही नसताना, ते पुढच्यांना दुखणं देत असतं.

दुसरी तारीख याहून महत्त्वाची आहे आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. ज्या मुलाला कांजिण्यांची लस मिळालेली नाही, त्याला संपर्क आल्यापासून तीन दिवसांच्या आत, फार तर पाच दिवसांच्या आत, लस दिली तर दुखणं टळू शकतं किंवा बरंच सौम्य होतं. म्हणजे दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर एक ओळ आली असती, तर आम्ही संध्याकाळपर्यंत दवाखान्यात असतो. आम्हाला कळलं तेव्हा ती मुदत निघून गेली होती. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाई फार शांतपणे म्हणाल्या, ‘आता लस दिली तर ती पुढच्यासाठी. या वेळची लागण झाली असेल तर ती अडेल, याची मी खात्री देणार नाही.’ शिवाय लस दिल्यावर काही मुलांच्या अंगावर थोडे फोड येतात, तेही त्यांनी सांगितलं. म्हणजे पुढे काही उठलंच, तर ते लसीचं की त्या वाढदिवसाचं, हा आणखी एक घोळ.

‘मग लस आधीच का नाही दिली?’ हे मला ग्रुपवर दोघींनी विचारलं. त्याचंही उत्तर आहे. आमच्या मुलीचं लसीकरण महापालिकेच्या दवाखान्यात झालं. तिच्या कार्डावर बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, एमआर, सगळ्या रकान्यांत शिक्के आहेत. एकही रकाना रिकामा नाही. कांजिण्यांच्या लसीचा रकाना मात्र त्या कार्डावर नाहीच, कारण ती लस सरकारी कार्यक्रमात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोसांची शिफारस करते, पहिला साधारण पंधराव्या महिन्यात. पण ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते आणि एका डोसची किंमत आम्हाला दोन हजारांच्या आसपास सांगितली गेली. ही लस काही परवा निघालेली नाही. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांच्या मुलाला कांजिण्यांनी फार बेजार केलं, ते पाहून त्यांनी हा विषय हातात घेतला आणि १९७४ साली लस तयार केली. अमेरिकेत १९९५ पासून ती मुलांना सर्रास दिली जाते. आपल्याकडे पैसे मोजणाऱ्याला ती मिळते आणि शिक्क्यांनी भरलेलं कार्ड पाहून समाधान मानणाऱ्या घराला ती असते हेच कळत नाही. कार्डावर त्या नावाचा निदान एक रकाना असता आणि त्यापुढे ‘खासगीत उपलब्ध’ एवढं छापलेलं असतं, तरी हजारो आईबापांनी डॉक्टरांना विचारलं असतं.

त्या संध्याकाळी मी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि पेन्सिलीने वाढदिवसाच्या दिवसापासून मोजायला बसले. दहावा दिवस, त्याभोवती गोल. एकविसावा दिवस, त्याभोवती गोल. आमच्या गाडीची तारीख दोन गोलांच्या बरोबर मध्ये पडत होती. परतीची तारीख दुसऱ्या गोलाच्या पलीकडे. म्हणजे मुलीला लागण झाली असेल, तर दुखणं एकतर गाडीत उठणार, नाहीतर गावच्या घरात.

आणि गावच्या घरात कोण होतं, तेही सांगते. माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात होती. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे तिला आठवेना. तिच्या आईला विचारलं, तर ‘नाही बाई, माझ्या एकाही पोरीला झाल्या नाहीत’ असं उत्तर आलं. आपल्यासारख्या उष्ण देशांत बऱ्याच जणांना हे दुखणं लहानपणी न होता मोठेपणी होतं आणि मोठेपणी ते जास्त त्रास देतं. गरोदर बाईला झालं तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं, आणि बाळंतपणाच्या अगदी आगेमागे झालं तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. सासूबाईंना संधिवात आहे आणि त्यासाठी त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतात. अशा माणसांना कांजिण्या साध्या राहत नाहीत. दोघीही आमची वाट बघत होत्या. सासूबाईंनी नातीसाठी फणसाची साठं घालायला घेतली होती.

यानंतर सुरू झाले सल्ले. मी ज्यांच्याकडे कांजिण्यांचा विषय काढला, त्यांच्यातल्या एकानेही ‘थांबा, विचार करा’ म्हटलं नाही. बहुतेकांनी म्हटलं, ‘लहानपणी होऊन गेलेल्या बऱ्या, एकदा झाल्या की सुटलात.’ हे वाक्य मला इतक्यांनी ऐकवलं की त्याचा नीट समाचार घेते. एकदा झाल्या की बहुतेकांना पुन्हा होत नाहीत, हे खरं. पण सुटका होत नाही. तो विषाणू अंगातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि पन्नाशी-साठीत, किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की, नागीण होऊन उठतो. नागिणीची आग ज्याने सोसली आहे, त्याला विचारा. तो कुणालाही ‘होऊन गेलेल्या बऱ्या’ म्हणणार नाही.

दुसरा सल्ला कडुलिंबाच्या पाल्याचा. अंथरुणात पाला घाला, पाल्याच्या पाण्याने आंघोळ घाला. त्याने बरं वाटत असेल तर घालावा, माझी हरकत नाही. पण पाला काही गाडीतल्या शेजारच्या बर्थवरच्या माणसाला वाचवत नाही. तिसरा सल्ला आमच्या मजल्यावरच्या एका काकांचा: ताप आला तर ॲस्पिरिनची अर्धी गोळी द्या, लगेच उतरतो. हा सल्ला धोक्याचा आहे. कांजिण्यांच्या तापात मुलांना ॲस्पिरिन देत नाहीत. त्यातून रे सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा आजार होऊ शकतो. काकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला सल्ला मात्र हा: ‘बिनधास्त जा हो, पोरीच्या अंगावर काही आहे का?’ अंगावर काही नव्हतंच. म्हणूनच अडचण होती. एसी थ्री टायरचा डबा म्हणजे बंद काचा, एका कप्प्यात आठ बर्थ, रात्रभराचा प्रवास. परळच्या टाटा रुग्णालयात केमोथेरपी घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे परतणारी माणसं याच गाड्यांनी जातात. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, उशाशी फायलींची पिशवी, अशी माणसं कोकणच्या गाडीत आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यांच्या समोरच्या बर्थवर माझी मुलगी रात्रभर झोपणार असेल, तर ‘बिनधास्त’ हा निर्णय माझ्या एकटीचा कसा? त्या माणसाला कुणी विचारलंय?

शाळेबद्दलही माझी तक्रार आहे. मुलाचा शेवटचा तोंडी पेपर बुडाला होता, त्यामुळे त्याच्या आईने डॉक्टरांचा दाखला वर्गशिक्षिकेकडे दिला होता. दाखल्यावर दुखण्याचं नाव होतं. तो दाखला फाईलला लागला. म्हणजे शाळेला माहीत होतं; पण तो कागद गैरहजेरीच्या कामाचा, इतर मुलांशी त्याचा संबंध असू शकतो, असं कुणाला वाटलं नाही. मी ऑफिसात जाऊन विचारलं. क्लार्क बाई चांगल्या बोलल्या, पण म्हणाल्या, ‘मॅडम, सुट्टी लागली ना, आता नोटीस काढून कुणाला देणार? आणि त्या मुलाचं नाव बाहेर जातं, पालक भांडायला येतात.’

दोन्ही मुद्द्यांना उत्तर आहे. नाव टाकायचंच नाही. ‘इयत्ता दुसरीतील एका विद्यार्थ्याला कांजिण्या झाल्या आहेत, पहिले पुरळ अमुक तारखेला दिसले, ज्यांना लस मिळालेली नाही त्यांनी लगेच डॉक्टरांना विचारावे.’ एवढा मजकूर पुरतो. फीची आठवण करून देणारा संदेश ज्या फोनवर येतो, त्याच फोनवर हाही येऊ शकतो. आणि सुट्टी लागली म्हणून नोटीस नको, हे तर अगदी उलटं आहे. शाळा चालू असती तर दुखणं फार तर वर्गात आणि सोसायटीत फिरलं असतं. सुट्टीत तोच वर्ग आठवड्याच्या आत कोल्हापूरला, जळगावला, नाशिकला, रत्नागिरीला पांगतो. प्रत्येक मूल एखाद्या भरल्या घरात जाऊन उतरतं, जिथे आजी-आजोबा असतात, पहिलटकरीण माहेरी आलेली असते, चुलत-आते-मामे भावंडं एका सतरंजीवर झोपतात. वर्षभरात कळवण्याची सर्वांत जास्त गरज कधी असेल, तर ती सुट्टी लागायच्या दिवशी असते.

आम्ही तिकिटं रद्द केली. रेल्वेच्या नियमांत मुलाच्या दुखण्याला वेगळी जागा नाही. तिकीट जितक्या उशिरा रद्द करावं तितकी कपात वाढते, कन्फर्म तत्काळ तिकिटाचे तर पैसे परतच मिळत नाहीत. म्हणजे तारीख उशिरा कळण्याची किंमत रुपयांतही मोजावी लागते. पण पैशांचं सोडा. रद्द करण्याचं बटण दाबल्यावर ‘खात्री आहे का’ असं विचारणारी चौकट आली. नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला आणि मुलीने तिची गावची पिशवी, ज्यात तिने फक्त पोहण्याचा चष्मा आणि चिंचोके भरून ठेवले होते, ती उचलून कपाटात नेऊन ठेवली. ती काही बोलली नाही. सात वर्षांच्या मुलीला हे सगळं समजावून सांगताना, ‘तुझं काहीच चुकलेलं नाही’ हे मी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

गावी कळवलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आम्ही जसंच्या तसं सांगितलं: वर्गात कांजिण्या आहेत, मुलीचा संपर्क आला आहे, अमुक तारखेपर्यंत येणं बरं नाही. धाकट्या जाऊबाईंनी ‘वहिनी, बरं झालं सांगितलंत’ म्हटलं आणि लगेच आपल्या डॉक्टरांना फोन केला. पण चुलत सासूबाई दुखावल्या. ‘काय्येक होवचा नाय, तुमी येवा,’ म्हणत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या की यायचं नसेल तर सरळ सांगा, पोरीच्या नावावर कशाला ढकलता. न सांगणाऱ्या घराला ग्रुपवर फुलं मिळाली आणि सांगणाऱ्या घराला रुसवा. लोक का सांगत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर २०२० सालात आहे. त्या वर्षी ज्या घरात कोरोना निघाला, त्या घराच्या जिन्याला बांबू लागले, दारावर कागद चिकटला, दूधवाला वर यायचा बंद झाला. आमच्या इमारतीत एका घराला बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने लोक लिफ्टमध्ये टाळत होते. दुखण्याची बातमी बाहेर गेली की घर गुन्हेगार ठरतं, हे त्या वर्षाने लोकांच्या मनावर पक्कं कोरलं. त्याआधीही आपल्याकडे अंगावर पुरळ उठलं की दार लोटून घेण्याची, देवीचा कोप म्हणून गप्प बसण्याची रीत होतीच. त्यामुळे त्या मुलाच्या आईने दुसऱ्या दिवशी फोन हातात घेऊन संदेश लिहिला असेल आणि पुसला असेल, असं मला वाटतं. तिला भीती वाटली असेल की व्हॅनवाले काका मुलाला घ्यायचे नाहीत, वाढदिवसवाल्या घरचे नाव ठेवतील, परीक्षेच्या तोंडावर शाळा काहीतरी बोलेल. ही भीती खोटी नाही. ती घालवायची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे. कुणी कळवलं की ‘तुमच्यामुळे’ हा शब्द तोंडातून निघता कामा नये. ‘कळवलंत, बरं केलंत, मुलाला काही हवं आहे का’ एवढंच निघायला हवं.

पण तिची भीती समजून घेतली, तरी तक्रार मागे घेत नाही. तिने बोलण्याचं टाळलं त्याचा त्रास तिला झाला नाही. तो ज्यांना झाला, त्यांना तिने कधी पाहिलंही नाही. सात महिन्यांची गरोदर बाई दोन-तीन दिवस रक्त तपासणीच्या रिपोर्टची वाट बघत बसते, आम्ही तिकडे जाणार नसलो तरी. कारण त्याच वर्गातलं आणखी एक मूल तालुक्याच्या गावी येऊन गेलेलं असतं. एक म्हातारी बाई वर्षातून एकदा येणाऱ्या नातीसाठी घातलेली साठं डब्यात भरून एस.टी.च्या पार्सलने पाठवते.

एकविसावा दिवस उलटला. मुलीच्या अंगावर काहीही उठलं नाही. आणि मग शेवटचा त्रास सुरू झाला. ‘बघा, उगाच घाबरलात,’ ‘उगाच तिकिटं घालवलीत,’ ‘तुम्ही शहरातली माणसं फार बाऊ करता.’ हे ऐकताना मला सगळ्यांत जास्त राग येतो. उगाच काहीही झालेलं नाही. संपर्क खरा होता, मुदत खरी होती, घरातल्या दोघींना असलेला धोका खरा होता. काही झालं नाही, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. छत्री घेऊन निघालो आणि पाऊस आला नाही, म्हणून कुणी छत्रीला नावं ठेवत नाही. मुलाच्या दुखण्याबाबत मात्र सावध राहिलेल्या माणसाला प्रत्येक वेळी आपली बाजू मांडत बसावं लागतं, आणि बेफिकिरीने निघून गेलेल्याला कुणी काही विचारत नाही.

तेव्हा जून महिन्यात शाळा उघडली की पालकसभेत मी बोलणार आहे, आणि जे बोलणार आहे ते इथेही लिहून ठेवते. मुलाला कांजिण्या, गोवर, गालगुंड यांपैकी काही निघालं, तर त्याच दिवशी चार गोष्टी कळवाव्या: दुखण्याचं नाव, पहिलं लक्षण दिसलं ती तारीख, मूल शेवटचं कुणाकुणात मिसळलं तो दिवस, आणि डॉक्टरांनी निदान केलं आहे की अजून फक्त शंका आहे. ग्रुपवर लिहायचं नसेल तर वर्गशिक्षिकेला लिहावं आणि वर्गशिक्षिकेने नाव न घेता पुढे पाठवावं. शाळेने दाखला फाईलला लावण्याआधी त्यातली तारीख बाकीच्या पालकांना द्यावी. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारणपणे पुरळ उठल्यापासून पाच-सात दिवस, मुलाला घरी ठेवावं आणि त्या दिवसांची गैरहजेरी शाळेने धरू नये. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तर बंदच करावं. ते मिळवण्यासाठी तापातली मुलं गोळी देऊन वर्गात पाठवली जातात, हे प्रत्येक शिक्षिकेला ठाऊक आहे.

यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. ज्या बाईला संदेश लिहायला अवघड वाटतं, तिच्यासाठी मी मजकूर तयार करून वर्गाच्या ग्रुपवर टाकणार आहे. तिने रिकाम्या जागी फक्त दुखणं आणि तारीख भरायची. पहिला असा संदेश ज्या दिवशी येईल, त्या दिवशी त्याखाली पहिलं ‘कळवलंत, बरं केलंत’ माझं असेल, आणि तो संदेश माझ्याच घरातून जायची वेळ आली तर तो निदान झाल्या दिवशी, दुपारच्या आत जाईल.